रंग शेवटी बघा: सारख्या दिसणाऱ्या छोट्या पक्ष्यांची ओळख कशी करावी

बाभळीच्या झुडपात काहीतरी हललं. दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत ते पलीकडच्या फांदीवर गेलंसुद्धा. बोटभर अंग, मातकट रंग, जरा लांबुडकी शेपटी, एवढंच दिसलं आणि मग नुसतीच फांदी हलत राहिली. पक्षी बघायला नव्यानं सुरुवात केलेला माणूस अशा वेळी पुस्तक उघडतो, तपकिरी रंगाची चित्रं शोधतो आणि त्याला तशी पंचवीस चित्रं सापडतात. तिथंच बरेच जण या छोट्या पक्ष्यांचा नाद सोडतात आणि मोर, बगळे, घारी यांच्याकडे वळतात.

मला त्याचं वाईट वाटतं, कारण आपल्या अंगणातले, बांधावरचे, टेकडीवरचे खरे रहिवासी हेच आहेत. आणि त्यांना ओळखणं वाटतं तितकं अवघड नाही. फक्त क्रम उलटा करावा लागतो. आपण सगळे आधी रंग बघतो. रंग शेवटी बघायचा. आधी पक्षी कुठं आहे ते बघा, मग तो काय करतोय ते, मग चोच, मग आवाज, आणि त्यानंतर रंग आणि खुणा. पुण्याच्या टेकड्या, आजूबाजूची शेतं आणि सुपे-मोरगावकडची माळरानं फिरताना मला जे उपयोगी पडलं, ते त्याच क्रमानं इथं देतो. उदाहरणं देशावरची आहेत, पण यातले बहुतेक पक्षी महाराष्ट्रात जवळपास सगळीकडे भेटतील.

दुर्बीण आणि ती उचलायची सवय

छोट्या पक्ष्यांसाठी ८×४२ ची दुर्बीण पुरते. ८ म्हणजे आठपट जवळ दिसणार आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण घ्यायचा मोह होतो, पण हात हलला की चित्रही तितकंच हलतं आणि एका वेळी दिसणारी जागाही कमी होते. झुडपात सारखा जागा बदलणारा पक्षी तिच्यात सापडतच नाही.

नवी दुर्बीण हातात आली की आधी ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्या. उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला लांबची एखादी पाटी स्पष्ट करा. मग डावा मिटून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. कडी कुठं थांबली ते लक्षात ठेवा. हे न केल्यामुळे महिनोन् महिने धूसर बघणारे लोक मी पाहिलेत.

पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवायची आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. आपण खाली दुर्बिणीकडे बघतो आणि मग वर पक्षी शोधायला लागतो, तेवढ्यात तो निसटतो. घरच्या खिडकीतून समोरच्या झाडाच्या पानांवर आठवडाभर सराव केलात तर हात आपोआप बसतो. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा. उजेड समोरून आला तर पिवळा शिंजीरसुद्धा काळा दिसतो.

आधी चिमणी पुरती पाठ करा

पहिले दोन आठवडे नवीन पक्षी शोधू नका. घरची चिमणी बघा. आपल्याला वाटतं ती ओळखीची आहे. पण चिमणीच्या पाठीवर रेघा असतात की नसतात, मादीच्या डोळ्यामागून फिकट पट्टा जातो की नाही, हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. दोन्हींचं उत्तर हो असं आहे. नराला राखाडी टोपी आणि गळ्यावर काळा डाग. मादीला यातलं काही नाही, फिकट भुवई आणि पाठीवर काळपट रेघा.

चिमणी पाठ करायचं दुसरं कारण म्हणजे तिच्याइतकी सोयीची मोजपट्टी दुसरी नाही. चिमणी साधारण १५ सेंटिमीटर, बुलबुल २०, साळुंकी २३. खालच्या बाजूला शिंजीर १० आणि फुलटोच्या जेमतेम ८. "छोटा होता" या वर्णनाला अर्थ नाही. "चिमणीहून बारीक पण शेपटी तिच्याहून लांब" एवढं म्हटलं तरी निम्मे पक्षी बाद होतात.

आता एक उदाहरण बघा. गावाबाहेरच्या जुन्या लिंबावर किंवा तारेवर चिमणीसारखाच पक्षी बसतो, पण पाठ अगदी स्वच्छ, एकही रेघ नाही. खांद्यावर विटकरी डाग, पंखावर दोन पांढरे पट्टे. ही रानचिमणी, पीतकंठी चिमणी. तिच्या नराच्या गळ्यावर पिवळा ठिपका असतो, पण तो लांबून दिसत नाही. पाठ आणि खांदा दिसतो. ती घरात नाही, झाडाच्या ढोलीत घरटं करते. १९०८ च्या सुमारास मुंबईतल्या एका लहान मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं अशी चिमणी पाडली. गळ्यावरचा पिवळा डाग त्याला वेगळा वाटला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दाखवला आणि संस्थेतला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही. तो मुलगा म्हणजे सालिम अली. नेहमीच्या चिमणीपेक्षा काहीतरी निराळं आहे हे त्यांना जाणवलं, कारण नेहमीची चिमणी त्यांना नीट माहीत होती.

पक्षी कुठं आहे?

पक्षी आपली जागा सहसा सोडत नाहीत, म्हणून जागा ही सर्वांत भरवशाची खूण. झुडुप, गवत, उघडी जमीन, झाडाचा शेंडा आणि फुलं, असे पाच कप्पे मनात ठेवा आणि पक्षी दिसला की आधी कप्पा ठरवा.

उघड्या जमिनीवर चालणारा बारीक, रेघारेघांचा पक्षी दिसला तर तो चंडोल किंवा तिरचिमणी. घाणेरीच्या गचपणात, जमिनीपासून हातभर उंचीवर खुसफुसणारा दिसला तर शिंपी किंवा वटवट्या. उसाच्या आणि ज्वारीच्या शेतात, उंच गवतात साधा वटवट्या आणि मुनिया. मोठ्या झाडाच्या शेंड्यावर पानापानांत फिरणारा हिरवट पक्षी हिवाळ्यात दिसला तर बहुधा पर्ण वटवट्या. बांडगुळाच्या आसपास फुलटोच्या.

महिनासुद्धा जागेसारखाच. पर्ण वटवटे आणि त्यांचे बरेच नातेवाईक सप्टेंबरपासून यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत परत जातात. जूनमध्ये पुण्यात पर्ण वटवट्या दिसल्यासारखा वाटला तर पुन्हा एकदा बघा. बहुधा तो शिंपी असेल.

काय करतोय?

चिमणी टुणटुण उड्या मारते, चंडोल आणि तिरचिमणी पावलं टाकत चालतात. मुनिया सहसा एकटी नसते. शिंपी शेपटी उभी धरून फांदीवर नाचतो. पर्ण वटवट्या क्षणभर स्थिर राहत नाही, पानाच्या खालून किडा उचलायला मधूनच फडफडतो. या सवयी रंगापेक्षा खूप लांबून दिसतात.

यातला माझा सर्वांत आवडता धडा तीन माद्यांचा आहे. टेकडीवर, खडकाळ माळावर, बांधावरच्या दगडावर एक मातकट-तपकिरी पक्षी बसलेला असतो आणि उडताना मागे कुठंतरी तांबूस रंग चमकतो. तो चिरकाची मादी असू शकतो, गप्पीदासाची मादी असू शकतो किंवा हिवाळ्यात थिरथिऱ्याची मादी. तिघींचे नर काळे-पांढरे किंवा काळे-तांबूस आणि ठसठशीत असतात, त्यांच्यात गोंधळ होत नाही. माद्यांच्या बाबतीत मी एक पूर्ण हिवाळा चुकत होतो. अंगाचा रंग बघत होतो आणि तिथं काहीच हाती लागत नव्हतं.

मग एका सकाळी वेताळ टेकडीच्या खाणीच्या कडेला बसून राहिलो. समोर दहा-बारा फुटांवर दगडावर एक आली. बसल्या बसल्या तिनं शेपटी पार पाठीवर उभी केली आणि शेपटीच्या खालचा तांबडा-विटकरी भाग समोर आला. शेपटी वरून गडद होती. ती चिरक. थोड्या वेळानं गवताच्या काडीवर दुसरी आली, शेपटी खाली, अधूनमधून झटका देत. ती उडाली तेव्हा तांबूस रंग शेपटीच्या वर, कमरेपाशी दिसला आणि शेपटी काळपट होती. ती गप्पीदास. आणि त्याच खाणीत तिसरी उतरली ती दोन पावलं पळून थांबली आणि तिची शेपटी थरथरायला लागली, थंडी वाजल्यासारखी. शेपटीच तांबूस, फक्त मधली पिसं गडद. थिरथिरा हे नाव त्याला का पडलं हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हापासून मी नवीन लोकांना एवढंच सांगतो: तांबडं शेपटीखाली असेल तर चिरक, शेपटीच्या वर असेल तर गप्पीदास, शेपटीच तांबडी असेल आणि थरथरत असेल तर थिरथिरा. हिवाळ्यात माळावर आणखी एक गप्पीदास येतो, सायबेरियाकडचा. त्याची मादी फिकट, पाठीवर रेघा असलेली, छाती हलकी नारिंगी. आधी या तिघी पक्क्या झाल्या की ती वेगळी काढायला जड जात नाही.

चोच

चोच बघितली की पक्षी काय खातो ते कळतं आणि तेवढ्यानं कुळ कळतं. जाड, शंकूसारखी चोच दाणे फोडायला: चिमणी, मुनिया, सुगरण. सुईसारखी बारीक, सरळ चोच किडे टिपायला: शिंपी, वटवटे. लांब, खाली वाकलेली चोच फुलातला मध घ्यायला: शिंजीर. आखूड, टोकदार, जराशी वाकलेली चोच फळं आणि मध दोन्हींसाठी: फुलटोच्या. नुसती चोच दिसली आणि बाकी काही दिसलं नाही तरी ती लिहून ठेवा.

जमिनीवरचे पक्षी वेगळे काढायलाही चोच उपयोगी पडते. धान तिरचिमणीची चोच बारीक, पाय लांब, उभी राहते ताठ आणि शेपटी खालीवर करते. चंडोलांची चोच त्यामानानं जाड, अंग बसकं, आणि बऱ्याच जणांच्या डोक्यावर तुरा. डोंबारी हा चंडोलांचाच भाऊबंद. त्याचा नर पोटाखाली काळा आणि डोक्यावर राखाडी. हवेत उंच जाऊन कोलांट्या मारल्यासारखा खाली येतो. मादी मात्र अगदी चिमणीच्या मादीसारखी. फरक एवढाच की ती जमिनीला चिकटून बसते आणि झाडावर जात नाही. जागा आधी बघायची, ती यासाठी.

सुगरणीच्या बाबतीत पावसाळ्यात प्रश्नच नसतो, पिवळ्या डोक्याचा नर आणि लोंबती घरटी समोर असतात. पण हिवाळ्यात नरही मादीसारखा होतो आणि थवा चिमण्यांचा वाटतो. चोच चिमणीपेक्षा जाड आणि शेपटी आखूड आहे का ते बघा.

मुनियांचंही तसंच. ठिपकेवाल्या मुनियेच्या पोटावर खवल्यांसारखी नक्षी असते, ती चुकायची नाही. पण तिची पिल्लं नुसती तपकिरी, एकही ठिपका नाही. अशी साधी तपकिरी मुनिया एकटी दिसली की लोक दुर्मीळ पक्ष्याचं नाव घेतात. जरा थांबा, मागून आईबाप येतात. पांढऱ्या गळ्याच्या मुनियेची चोच रुपेरी-राखाडी, कंबर पांढरी, शेपटी काळी आणि टोकदार. ती कोरड्या, काटेरी झुडपांच्या भागात जास्त दिसते आणि सुगरणीच्या सोडलेल्या घरट्यात बिनदिक्कत राहते. लाल मुनियेची मादी तपकिरी असली तरी चोच आणि कंबर लाल असते.

शिंपी आणि वटवटे

हा भाग मी मुद्दाम सावकाश लिहितो, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ इथंच होतो. वर्षभर मी लांब शेपटीच्या प्रत्येक बारक्या पक्ष्यापुढं "राखी वटवट्या" असं लिहीत होतो. त्या वहीचा आज मला काही उपयोग करता येत नाही, कारण त्यातले कितीजण खरंच राखी वटवटे होते हे सांगता येणार नाही.

शिंपी आधी शिका. डोक्यावर तांबूस-विटकरी टोपी, पाठ शेवाळी हिरवी, पोट पांढरट. हिरवी पाठ ही त्याची ओळख; राखी, साधा आणि रान, या वटवट्यांपैकी कुणाचीच पाठ अशी हिरवी नसते. विणीच्या दिवसांत नराच्या शेपटीची मधली दोन पिसं सुईसारखी लांब होतात. आवाज एवढा मोठा की एवढासा पक्षी तो काढतो यावर विश्वास बसत नाही: टुविट्-टुविट्-टुविट्, एकाच सुरात, दम लागेपर्यंत. ओरडताना मानेच्या बाजूला एक काळा डाग दिसतो आणि गप्प झाला की नाहीसा होतो. तो जखमेचा डाग नाही. मानेवरची पिसं ताणली की खालची काळी कातडी दिसते.

राखी वटवट्याची पाठ राखाडी, पोट फिकट तांबूस, आणि डोळा लालसर. शेपटी लांब, खालून बघितली तर पिसांच्या टोकाला पांढरे ठिपके आणि त्यांच्या अलीकडे काळे. उडताना तो चटचट असा कोरडा आवाज करतो, ओल्या तारेवर ठिणगी उडावी तसा. हा आवाज एकदा कानात बसला की पक्षी बघायचीही गरज पडत नाही. हिवाळ्यात त्याची पाठ तपकिरी होते आणि डोळ्यावर आखूड पांढरी भुवई येते. तेव्हा तो साध्या वटवट्यासारखा दिसायला लागतो, पण पोटाचा तांबूसपणा राहतो.

साधा वटवट्या नावाप्रमाणं साधा: वरून फिकट मातकट, खालून मळकट पांढरा, डोळ्यावर फिकट भुवई. गवत, लव्हाळे, ऊस, ज्वारी ही त्याची जागा. गाणं म्हणजे नाकतोड्यानं लावलेली लांबलचक किर्रकिर्र. रान वटवट्या या दोघांपेक्षा थोराड, चोच जाड. तो झुडपांच्या डोंगरउतारावर राहतो आणि विणीच्या दिवसांत झुडपाच्या अगदी शेंड्यावर उघड्यावर बसून मोठ्यानं गातो. बाकीचे दोघे आत लपतात, हा मिरवतो.

एक गोष्ट सांगायलाच हवी. राखी आणि साधा, या दोन्ही वटवट्यांना शास्त्रीय नाव मिळालं ते आपल्या दख्खनच्या पठारावरून. विल्यम हेन्री साइक्स हे ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी दख्खनची पाहणी करत फिरले आणि १८३२ साली त्यांनी इथल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. एकाचं नाव त्यांनी 'सोशियालिस' ठेवलं, म्हणजे मिळून राहणारा, आणि दुसऱ्याचं 'इनॉर्नाटा', म्हणजे ज्याला काही साजशृंगार नाही असा. सासवडच्या बांधावर साधा वटवट्या बघताना हे नाव मला दर वेळी आठवतं. साइक्स यांच्या नावाचा चंडोलही इथलाच: दख्खनच्या कोरड्या माळांवरचा, तुरेवाला, छातीवर मोजक्याच रेघा. घाटाच्या बाजूला त्याचाच मलबारी भाऊ भेटतो, त्याच्या छातीवर रेघा ठळक आणि भरपूर.

घरट्यावरून ओळखायला जाऊ नका. पानं शिवून घरटं करतो तो शिंपी, हे आपण शाळेत शिकलो, पण राखी वटवट्याही पानं शिवतो. आणि घरट्याजवळ गेलात की पक्षी बाहेरच थांबतो, अंडी गार पडतात, कावळ्याला पत्ता लागतो. घरटं दिसलं तर मागं फिरायचं. फोटोसाठी पानं बाजूला करणाऱ्या माणसाला मी तिथल्या तिथं अडवतो, ओळखीचा असला तरी.

फुलांवरचे पिवळे

दोन शिंजीर आपल्याकडे घरोघरी आहेत. विणीच्या दिवसांत जांभळा शिंजीर नर पूर्ण निळा-काळा चमकतो. दुसरा जांभळ्या पाठीचा शिंजीर, त्याच्या नराच्या छातीवर गडद लालसर पट्टा आणि खाली पिवळं पोट. माद्या बघताना गळा बघा. गळ्यापासून पोटापर्यंत सलग पिवळी असेल तर जांभळ्या शिंजिराची मादी. गळा पांढुरका-राखाडी आणि छातीपासून पुढं पिवळी असेल तर जांभळ्या पाठीची.

पावसाळा सरता सरता आणखी एक प्रकार दिसतो: मादीसारखाच पिवळा, पण गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ, जणू कुणी शाई सांडली. तो जांभळ्या शिंजिराचा नर, विणीचे कपडे उतरवलेला. नवा पक्षी म्हणून याची नोंद दर वर्षी कुणीतरी करतं.

चष्मेवाला याच गर्दीत असतो. डोळ्याभोवतीचं पांढरं कडं एकदा दिसलं की संपलं. सुभगही पिवळा, पण पंखावर दोन पांढरे पट्टे. आणि फुलटोच्या: राखाडी-शेवाळी, कुठलीच खूण नसलेला, अंगठ्याएवढा. खूण नाही हीच त्याची खूण, त्यात फिकट गुलाबीसर चोच. आंब्यावर बांडगूळ दिसलं तर खाली पाच मिनिटं उभे राहा. चिक्-चिक्-चिक् करत तो येतोच, कारण बांडगुळाची फळं हे त्याचं मुख्य खाणं आणि त्याच्या बिया झाडोझाडी पोचवणाराही तोच.

आवाज

हिवाळ्यातले पाहुणे ओळखायचे तर कानांवाचून उपाय नाही. हिरवट पर्ण वटवट्या, इंग्रजीत ग्रीनिश वॉर्बलर, दिवसभर झाडाच्या शेंड्यातून 'चि-वीऽ' असा दोन तुकड्यांचा आवाज देत राहतो. प्रत्येकाचा आपला परिसर ठरलेला असतो आणि तो मोठ्यानं सांगितला जातो. दिसलाच तर भुवई फिकट आणि पंखावर एक बारीक पांढरी रेघ, तीही झिजली की दिसत नाही. त्याच वेळी खाली घाणेरीतून 'चक्… चक्' असा दगडावर दगड आपटल्यासारखा आवाज येतो तो ब्लाइथ्स रीड वॉर्बलरचा. तो सबंध तपकिरी, कपाळ चपटं, चोच लांब, पंखावर पट्टा नाही. एक शेंड्यावर, एक बुडाशी. दोन्ही न बघता ओळखता येतात. आणि खडकावर किंवा झाडाच्या खोडावर सरपटणारा पिवळसर पोटाचा पर्ण वटवट्या दिसला तर तो सल्फर-बेलीड. पर्ण वटवट्यांमध्ये अशी सवय असलेला आपल्याकडे दुसरा सहज भेटत नाही. बाभळीत राखाडी डोकं, गालावर गडद डाग आणि स्वच्छ पांढरा गळा दिसला तर शुभ्रकंठी वटवट्या.

एका महिन्यात दोन आवाज शिका, जास्त नाही. मर्लिनसारखं अॅप आवाज ऐकून नावं सुचवतं आणि त्याची मदत होते. पण त्यानं नाव दाखवलं म्हणजे पक्षी पाहिला असं होत नाही. ते नाव घेऊन आवाजाच्या दिशेनं बघा, पक्षी शोधा, मग लिहा. आणि फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलवू नका. विणीच्या काळात त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला. तो पिल्लांना भरवायचं सोडून भांडायला येतो.

वही

पक्षी गेला की पुस्तक उघडायच्या आधी लिहायचं. हा नियम मी मोडत नाही. पुस्तकातलं चित्र बघितलं की आठवण चित्रासारखी होते, न दिसलेली भुवईसुद्धा दिसल्यासारखी वाटते. पाच ओळी पुरतात: तारीख-वेळ, जागा, काय करत होता, चोच आणि शेपटी, आवाज. रंगाला सहावी ओळ. मोडकंतोडकं चित्र काढलंत तर आणखी चांगलं. लांबट गोल, त्याला चोच आणि शेपटी, बाण काढून खुणा.

नावं लिहिताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहा. एकाच पक्ष्याला कोकणात एक नाव, विदर्भात दुसरं; मुनियेला कुठं मनोली म्हणतात. ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर यादी टाकणार असाल तर इंग्रजी नाव लागेलच. तिथं 'पर्ण वटवट्यांपैकी कुणीतरी' अशी नोंद करायची सोयही आहे, ती मोकळेपणानं वापरा. खात्री नसताना टाकलेलं नेमकं नाव पुढं कुणाच्या तरी अभ्यासात खरी नोंद म्हणून जातं.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो. "जानेवारी, सकाळी पावणेआठ. खाणीच्या वरची बाभूळ. चिमणीहून लहान. शेंड्याजवळ, थांबत नाही, दोनदा फडफडून किडा उचलला. चोच बारीक. आवाज दिला नाही. भुवई फिकट, पंखावर पट्टा एक की दोन दिसलं नाही. पर्ण वटवट्या, कुठला ते नाही." खाली तीन दिवसांनंतरची तारीख आणि एक ओळ: "तीच बाभूळ. चि-वीऽ. हिरवट."